नवी पिकअप सत्तरच्या पुढं थरथरते? पार्ट बदलण्याआधी दोष कुठं आहे ते असं शोधा

पिकअप शोरूममधून येऊन दोन महिनेही झालेले नसतात. गावच्या रस्त्यावर, मळ्यात, बाजार समितीच्या आवारात गाडी एकदम झकास चालते. पण पिंपळगावला टोमॅटो खाली करून रिकामी गाडी मुंबई-आग्रा महामार्गाला लागली आणि काटा सत्तरच्या पुढं सरकला, की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. ऐंशीला तर आरसा इतका हलतो की मागचं नीट दिसत नाही. सर्व्हिस सेंटरला नेलं की 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून दिलं' म्हणून गाडी परत मिळते. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला उत्तर येतं, 'दादा, पिकअप आहे, सगळ्या अशाच असतात.'

इकडं प्रत्येक खेपेला एक दिवसाचं भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. वॉरंटीचे दिवसही सरत असतात.

'सगळ्या अशाच असतात' या उत्तरात थोडं तथ्य आहे. मागं पाटे असलेली मालवाहू गाडी रिकामी असताना खड्ड्यात, डागडुजीच्या पट्ट्यावर आदळणारच. तो दोष नव्हे. पण गुळगुळीत रस्त्यावर, ठराविक वेगालाच सुरू होणारी आणि वेग कमी केला की थांबणारी थरथर ही वेगळी गोष्ट आहे. रस्ता बदलला की थरथर बदलते, की वेग बदलला की बदलते, हे सगळ्यात आधी ठरवावं. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा आवाज आणि बारीक कंप डांबरी रस्त्यापेक्षा जास्त जाणवतो, म्हणून दोन्ही रस्त्यांवर चालवून बघावं. जमल्यास त्याच मॉडेलची दुसरी रिकामी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवावी. गावात कुणाकडं तरी असतेच, नाहीतर शोरूमची डेमो गाडी मागावी. दुसरी शांत चालली तर 'सगळ्या अशाच' हे उत्तर तिथंच संपतं.

आधी हे बघा, मगच महामार्गाला लागा

थरथर अचानक सुरू झाली असेल, रोज वाढत असेल किंवा वीस-तीसच्या वेगालाही गाडी डुलत असेल, तर पुढच्या कुठल्याही चाचण्या करू नयेत. चाकाचे नट ढिले असणं, टायरला फुगा येणं किंवा टायरच्या आतली तार तुटणं, यातलं काहीही असू शकतं. गाडी बाजूला घेऊन सगळे नट पान्ह्यानं तपासावेत, टायरवर आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवावा. नव्या गाडीचेही नट ढिले निघू शकतात, विशेषतः बॅलन्सिंगसाठी चाकं काढून पुन्हा बसवलेली असतील तेव्हा. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घेण्याची सवय चांगली.

काय फिरतंय आणि किती वेळा

थरथर म्हणजे काहीतरी फिरणारं वाकडं, जड किंवा ढिलं आहे. गाडीत फिरणाऱ्या मुख्य वस्तू तीन: चाकं, मागच्या चाकांना जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि इंजिन. तिघांचा फिरण्याचा वेग वेगळा असतो. दोष पकडायचा तो इथंच.

टायरच्या कडेला २१५/७५ आर १५ असं लिहिलं असेल, तर त्या टायरची उंची साधारण ७० सेंटीमीटर आणि घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. म्हणजे ते चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या दातांप्रमाणे चाकाच्या साधारण चार-पाच पट फिरतो, म्हणजे सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा. इंजिन २४०० आरपीएमला सेकंदाला चाळीस वेळा फिरतं.

त्यामुळं चाकाची थरथर ठसठशीत असते. स्टेअरिंग डाव्या-उजव्या बाजूला हलताना दिसतं, सीट धडधडते, बाटलीतलं पाणी हिंदकळतं. शाफ्टची थरथर बारीक असते. ती पायाखाली, फ्लोअरला, गिअरच्या दांड्याला गुणगुणल्यासारखी लागते आणि सोबत घुंई असा आवाज येतो.

मग ही थरथर पन्नासला का नाही आणि सत्तर-ऐंशीलाच का? झोक्याला बरोबर त्याच्या लयीत धक्का दिला तरच झोका उंच जातो. अॅक्सल, पाटे आणि टायर यांचीही एक स्वतःची लय असते, आणि ती बहुतेक गाड्यांत चाकाच्या सेकंदाला दहा-पंधरा फेऱ्यांच्या आसपास जुळते. शिवाय जोरही वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो. डिस्कच्या कडेला ५० ग्रॅमचा फरक असेल तर ४० च्या वेगाला तो जेमतेम एक किलोचा ओढा देतो. ८० ला तोच ओढा जवळपास चार किलो होतो, आणि तो सेकंदाला दहा वेळा दिशा बदलतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट.

रस्त्यावरच्या चाचण्या

मालवाहू गाड्यांना चौपदरी महामार्गावर ताशी ८० ची मर्यादा आहे, तेव्हा या सगळ्या चाचण्या ८० च्या आतच कराव्यात. पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता निवडावा आणि सोबत एक माणूस घ्यावा. चालकानं रस्त्याकडं बघायचं, नोंदी सोबत्यानं करायच्या.

पहिली नोंद वेगाची. थरथर कितीला सुरू होते, कितीला सगळ्यात जास्त, पुढं कमी होते का. गाडीचा काटा थोडा जास्त दाखवतो, म्हणून मोबाइलवरचा जीपीएसचा वेग लिहावा.

दुसरी नोंद जागेची. स्टेअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टेअरिंग शांत पण सीट आणि फ्लोअर हलत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट.

मग गिअर. ७० चा वेग तसाच ठेवून एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात चालवावी. चाकं आणि शाफ्ट दोन्ही वेळा तेवढेच फिरतात, बदलतं ते फक्त इंजिन. थरथरीत काहीच फरक पडला नाही, तर इंजिन, क्लच, माउंटिंग यांच्यावरचा संशय बराचसा कमी होतो.

नंतर न्यूट्रल. थरथर जोरात असताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलला घ्यावी आणि पाय उचलून वाहू द्यावी. चावी बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेक जड होतो आणि स्टेअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. उतारावर, घाटात ही चाचणी अजिबात नको. राहुड घाट तर त्यासाठी नाहीच. न्यूट्रलला थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं. पण इथं बरेच मेकॅनिक एक चूक करतात. न्यूट्रलला थरथर राहिली म्हणजे शाफ्ट चांगला, असं ते धरतात. मागची चाकं शाफ्टला न्यूट्रलमध्येही फिरवत असतात, त्यामुळं शाफ्ट निर्दोष ठरत नाही. हां, अॅक्सिलरेटर दाबताना थरथर वाढते आणि सोडला की लगेच कमी होते, असं असेल तर शाफ्टचे जॉइंट, त्यांचा कोन किंवा सेंटर बेअरिंग यांच्याकडं बोट जातं.

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये त्याच आरपीएमला रेस केल्यावरही थरथरली, तर चाकांचा प्रश्नच नाही. इंजिन माउंटिंग किंवा चेसिसला टेकलेला सायलेन्सर बघावा.

फक्त ब्रेक मारतानाच स्टेअरिंग थरथरत असेल आणि पेडल पायाला ठोके देत असेल, तर पुढची ब्रेक डिस्क एकसारखी राहिलेली नाही किंवा मागचा ड्रम गोल नाही. तो वेगळा आजार, बॅलन्सिंगनं जाणार नाही.

नव्या गाडीचे टायर खराब कसे?

बहुतेक वेळा दोष चाकातच निघतो. गाडी नवी म्हणून टायर निर्दोष, असं काही नसतं. कारखान्यातून निघालेली गाडी यार्डात आणि शोरूमच्या मागं उन्हात महिनोन् महिने एकाच जागी उभी राहू शकते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. थोडा चपटेपणा पंधरा-वीस किलोमीटर चालून टायर गरम झाला की जातो. सकाळी थरथर आणि अर्ध्या तासानं गायब, असं असेल तर कारण बहुधा हेच. फार दिवस उभी राहिलेल्या गाडीचा चपटेपणा मात्र कायमचा राहू शकतो. गाडी कधी बनली तो महिना आरसी बुकावर असतो. टायर कधी बनला ते टायरच्या कडेला चार आकड्यांत कोरलेलं असतं: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन्ही तारखा आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहिल्या की गाडी किती उभी होती ते कळतं.

हवा हे दुसरं कारण. यार्डात टायर बसू नये म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या वेळी ती कमी करायची राहून जाते. इकडं मालकही लोडच्या हिशोबानं मागं कडक हवा भरतो आणि रिकामी गाडी तशीच पळवतो. दरवाज्याच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असेल, तर ती थंड टायरवर तपासून तेवढी करावी आणि मग पुन्हा चालवून बघावी. फुकटचा उपाय असल्यानं तो आधी.

डिस्कच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल हे आपल्याकडचं खास कारण. मळ्यातली काळी माती एका बाजूला चिकटून वाळली की मूठभर माती पुष्कळ झाली. बॅलन्सिंगला जाण्याआधी चाकं आतून धुवावीत. बॅलन्सिंगचं वजन, गॅरेजवाले ज्याला शिसं म्हणतात, ते पडलंय का तेही बघावं. काठावर कोरा, स्वच्छ चौकोनी डाग दिसला तर तिथलं शिसं गेलेलं असतं.

आता अडचणीचा भाग. मशीन शून्य दाखवतं, पावती मिळते, तरी गाडी थरथरते. याचं कारण असं की बॅलन्सिंगचं मशीन वजन मोजतं, गोलाई नाही. अंड्याच्या आकाराचं चाकसुद्धा शिसं लावून मशीनवर शून्यावर आणता येतं. रस्त्यावर ते प्रत्येक फेऱ्याला गाडी उचलणारच. गोलाई बघायला घरचा उपाय आहे. सपाट जागी गाडी लावून बाकीच्या चाकांना दगड लावायचे आणि पुढचं एक चाक जॅकवर जमिनीपासून जरा उचलायचं. टायरच्या तोंडासमोर वीट ठेवून तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हर असा टेकवायचा की टोक आणि टायर यांत कागदाएवढी फट राहील. चाक हातानं सावकाश फिरवायचं. फट कमी-जास्त होताना दिसते. दीड-दोन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर टायर किंवा डिस्क वाकडी. दोघांतलं कोण, ते डिस्कच्या कडेवर हीच युक्ती करून कळतं. जॅकवर असलेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही.

मशीनवर चाक बसवण्यातही गफलत होते. मधल्या भोकात कोन नीट बसला नाही, किंवा तिथं रंगाचा-गंजाचा थर असला, तर मशीन वेगळ्याच मध्यबिंदूभोवती मोजतं. ओळखायची रीत सोपी आहे. शून्य आल्यावर चाक सोडवून, अर्धं फिरवून पुन्हा बसवायला सांगायचं. मशीननं पुन्हा शून्य दाखवलं तर मोजणी खरी. आकडा बदलला तर आधीची पावती कागदावरच राहिली. गाडीवर चाक चढवतानाही नट एका बाजूनं ओळीनं आवळत न जाता समोरासमोरचे आवळावे लागतात, नाहीतर चाक हबवर तिरकं बसतं.

सगळ्यात खात्रीची आणि बिनखर्चाची चाचणी म्हणजे चाकांची अदलाबदल. पुढची दोन मागं, मागची दोन पुढं. स्टेअरिंगची थरथर सीटखाली गेली तर दोष त्या दोन चाकांत आहे, वादाला जागाच राहत नाही. मग स्टेपनी एकेका चाकाच्या जागी लावून नेमकं चाक सापडतं. स्टेपनी त्याच मापाची असेल तरच हे करावं. थरथर जागची हललीच नाही, तर चाकं सोडून हब, बेअरिंग आणि शाफ्टकडं वळावं.

अलाइनमेंटबद्दल दोन वाक्यं पुरेत. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं झिजतो. सरळ रस्त्यावरची ठराविक वेगाची थरथर त्यानं येत नाही. 'अलाइनमेंट करून बघू' यात दोनदा पैसे घालवू नयेत.

जादा पाटे आणि प्रोपेलर शाफ्ट

पुष्कळ पिकअप शोरूममधून निघून आधी देवळात आणि मग थेट पाटेवाल्याकडं जातात. लोड बसू नये म्हणून जादा पाटा टाकला जातो. मागची बाजू उंच होते, रिकाम्या गाडीत अॅक्सल आणि शाफ्ट यांच्यातला कोन बदलतो. शाफ्टच्या टोकांना जे क्रॉस जॉइंट असतात, ते कोनात फिरताना एकसारखे फिरत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढं-मागं ओढ देतात. दोन टोकांचे कोन जुळलेले असतील तर एकाची ओढ दुसरा खोडतो. कोन बिघडले की खोडत नाही, आणि फ्लोअर गुणगुणायला लागतो. रिकामी गाडी थरथरते आणि एक-दीड टन माल टाकला की शांत होते, तर कोनाचा संशय पक्का धरायला हरकत नाही. भरल्यावर उलट वाढत असेल तर सेंटर बेअरिंगचा रबर किंवा माउंटिंग बघायला सांगावं.

जादा पाटे न टाकलेल्या गाडीतही शाफ्टवरचं वजन निसटलेलं असू शकतं. शाफ्ट उतरवून पुन्हा जोडताना जुन्या खुणा जुळवल्या नाहीत तर दोन्ही टोकांचे जॉइंट एका ओळीत राहत नाहीत आणि थरथर सुरू होते. म्हणून शाफ्ट सोडण्याआधी खडूनं किंवा रंगानं खूण करून घ्यायला सांगणं मालकाच्याच फायद्याचं. आणि वॉरंटी चालू असेपर्यंत पाटे, टायरचं माप यांत बदल केला, तर कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

मोबाइल थरथर मोजतो

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्र विद्यापीठात बनलेलं 'फायफॉक्स' हे अॅप फुकट आहे. त्यात थरथर सेकंदाला किती वेळा होते याचा आलेख दिसतो. फोन हातात न धरता सीटच्या लोखंडी पट्टीला किंवा फ्लोअरला घट्ट बांधायचा, आणि ८० च्या स्थिर वेगाला सोबत्यानं वीस-तीस सेकंद नोंद घ्यायची. शिखर १० च्या आसपास आलं तर चाक. २० ला आलं तरीही चाकच, पण अंड्यासारखं दोन जागी उंच. ४० ते ५० ला आलं तर शाफ्ट किंवा इंजिन, आणि त्या दोघांतला निवाडा गिअर बदलून होतो. आलेखाचा स्क्रीनशॉट आणि थरथरणाऱ्या स्टेअरिंगचा व्हिडिओ तारखेसह जपून ठेवावा.

सर्व्हिस सेंटरला जाताना

'गाडी हलते' एवढंच सांगितलं तर जॉबकार्डवर 'जनरल चेकअप' लिहिलं जातं. त्याऐवजी लिहून द्यावं: 'रिकामी गाडी, ७२ ते ८२ वेगाला स्टेअरिंग थरथरतं, न्यूट्रलमध्येही कायम, ब्रेकशी संबंध नाही, चाकं पुढं-मागं केल्यावर थरथर मागं गेली.' हेच शब्द जॉबकार्डवर उतरले का ते सही करण्याआधी वाचावं, आणि प्रत्येक खेपेचं जॉबकार्ड घ्यावं. मेकॅनिकला सोबत बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला नेण्याचा आग्रह धरावा. सेंटरसमोरच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगानं मारलेल्या फेरीत काहीच सापडणार नाही. दोष टायरचा निघाला तर दावा बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीकडं न जाता टायर कंपनीकडं जातो, पण तो डीलरमार्फत करता येतो. टायर जास्त झिजला की दावा कमजोर होतो, म्हणून उशीर नको.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडं ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार करता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४००. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते.

पिकअपवाल्यांची गाठ इथं एका मुद्द्याशी पडते. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, आणि समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. एकच गाडी, ती मालक स्वतः चालवतो, घर त्यावरच चालतं, हे दाखवता आलं पाहिजे. स्वतःच्या नावाचं लायसन्स, कर्जाचे कागद, बाजार समितीच्या पावत्या एका पिशवीत जॉबकार्डांसोबत ठेवाव्यात. वजनकाट्याच्या पावत्याही ठेवाव्यात. ओव्हरलोडचा आरोप आला तर उत्तर त्यांच्यातच असतं.